मध्यरात्रीचं जेवण

"बोक्या, ही गाठ आहे की गुंता?"

"गुंता सुटतो का सहजासहजी? नाही ना? मग झालं तर!" असं म्हणून बोक्याने दोरीला आणखी एक वेढा मारला आणि अभिमानाने हात झटकले.

तळ्याच्या काठावर तराफा जवळजवळ तयार होता. चार रिकामी प्लास्टिकची पिंपं, वर जुन्या दाराची फळी, आणि वल्ह्यांच्या जागी झाडूचे दोन दांडे! बोका दहा वर्षांचा. खाण्याच्या वासावर घरभर फिरायचा म्हणून त्याला सगळे बोका म्हणत. त्याची मोठी बहीण तेरा वर्षांची. डोळ्यांवर जाड चष्मा, खिशात वही आणि तोंडात सतत 'का' आणि 'कसं', म्हणून ती प्रोफेसर. आणि या दोघांकडे सुट्टीला आलेली त्यांची बारा वर्षांची आतेबहीण एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ! तिचं नाव भिंगरी.

"निघण्याआधी तपासणी!" प्रोफेसरने हुकूम सोडला.

भिंगरीने बोटाला टोचून रक्ताचा थेंब छोट्या यंत्राच्या पट्टीला लावला. आकडा आला एकशेचाळीस.

"झकास! चला!"

भिंगरीला मधुमेह होता. तीन वर्षांपूर्वी तिच्या शरीराने इन्सुलिन बनवायचं एकाएकी बंद केलं, आणि इन्सुलिन नसलं की खाल्लेली साखर रक्तातच साचून राहते. आधी दिवसाला चार-चार, पाच-पाच इंजेक्शनं. मग आला पंप! पत्त्यांच्या कॅटाएवढा, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला. त्याची बारीक नळी पोटावरच्या चिकटपट्टीत जायची. दिवसरात्र तो थेंबथेंब इन्सुलिन सोडायचा, आणि जेवायच्या आधी ताटात किती ग्रॅम कर्बोदकं आहेत ते सांगितलं की जेवणापुरता वेगळा डोस द्यायचा. भिंगरीचा त्याच्यावर फार जीव. "हा माझा बाहेरचा अवयव आहे," असं ती ऐटीत सांगायची.

तरी आईने तिला एकटीला कुठे म्हणून पाठवलं नव्हतं. यंदा पहिल्यांदाच! मामाने आणि मामीने शंभरदा आग्रह केला, मामीने सगळं शिकून घेतलं, तेव्हा कुठे आई कबूल झाली. "आठ दिवस. साखर सांभाळलीस तर पुढच्या सुट्टीतही जा. नाही सांभाळलीस, तर मी येऊन घेऊन जाईन. मग पुढचं पुढे बघू." आईचं 'पुढचं पुढे बघू' म्हणजे 'कधीच नाही', हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं.

तराफा पाण्यात सरकला. तिघांच्या अंगात फुगीर जॅकेटं, पंप जलरोधक पिशवीत, खाऊ डब्यात. काठ मागे गेला. बोका ओरडला, "कप्तान बोका येत आहेत! बदकांनो, बाजूला व्हा!"

भिंगरी खदखदून हसली. आणि हसता हसता तिच्या हातातला दांडा थरथरायला लागला.

आधी तिला वाटलं, दमले असेन. मग कपाळावर घाम फुटला. समोरच्या एका झाडाची दोन दिसायला लागली.

"प्रोफेसर," ती कशीबशी म्हणाली, "मी... खाली चाललेय."

"पाण्यात?" बोका दचकला.

"साखर, मूर्खा!" प्रोफेसर ओरडली. "डबा उघड! ग्लुकोजच्या गोळ्या! चार!"

बोक्याने डबा दाताने उघडला आणि गोळ्या एक एक करून भिंगरीच्या तोंडात घातल्या. "चाव! चाव म्हणतो ना! गिळ!" प्रोफेसरने बोट टोचलं. बावन्न! असायला हवी त्यापेक्षा कितीतरी कमी. ती भिंगरीला एका हाताने धरून बसली आणि बोका एकटा दांडा मारत सुटला. जन्मात कधी एवढा जोर त्याने केला नव्हता. काठ आला तेव्हा त्याचे तळवे सोलवटले होते.

पंधरा मिनिटांनी साखर एकोणनव्वद झाली. भिंगरीने गवतावर आडवं पडून डोळे मिटले.

"थँक यू," ती पुटपुटली. "दोघांनाही."

"थँक यू काय? माझ्या वाटणीचं बिस्कीट दे," बोका म्हणाला.

प्रोफेसर वहीत लिहीत होती. "साडेपाच वाजता. सोमवारीही साडेपाच. काल पावणेसहा. आणि तिन्ही दिवस सकाळी किती होती?"

"काल दोनशेनव्वद. आज दोनशेऐंशी," भिंगरी म्हणाली. "सोमवारी सकाळी मात्र चांगली होती. मग काय झालं कुणास ठाऊक! मी काहीसुद्धा वेगळं करत नाहीये गं!"

घरी गेल्यावर मामीने सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. तिने भिंगरीला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "बाळा, रागावणार नाही मी. रात्री उठून बिस्किटांच्या डब्यापाशी जातेस का?"

"मामी!"

"सकाळी साखर एवढी चढते म्हणून विचारलं गं. भूक लागते पोरांना. सांग मला, आपण त्याचा डोस घेऊ."

"मी काही खात नाही!" भिंगरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा समजूतदारपणाच जास्त मनाला लागला.

रात्री आईचा फोन आला. मामी काही लपवणाऱ्यातली नव्हती. बावन्नचा आकडा आईने पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाली, "उद्या साडेतीनला पोचणाऱ्या बसने येते. भिंगरीची बॅग भरून ठेव."

झालं! आठ दिवसांची सुट्टी चौथ्या दिवशी संपली.

गुरुवारी सकाळी साखर पुन्हा दोनशेपंच्याऐंशी. प्रोफेसर बिस्किटांचा डबा घेऊन आली. "मी रात्री मोजून ठेवली होती. चौदा! आता सिद्ध होईल की भिंगरी निर्दोष आहे." तिने डबा उघडला. बारा.

भिंगरीने डब्यात पुन्हा डोकावून पाहिलं.

"ती दोन मी खाल्ली," बोका खाली बघत म्हणाला. "तुम्ही दात घासत होतात तेव्हा."

"बोक्या!!"

"कबूल केलं ना लगेच? याला प्रामाणिकपणा म्हणतात!"

साडेबाराला मामा जेवायला घरी आला. मामा घड्याळजी. पेठेत त्याचं छोटंसं दुकान होतं, आणि दुकानाच्या काचेवर त्याने स्वतः रंगवलेली पाटी: 'येथे एका सेकंदाचीही चूक होत नाही'. कुठलीही गोष्ट तो अंदाजाने बोलायचा नाही.

"भांडत काय बसलात?" तो म्हणाला. "पंपात सगळी नोंद असते. कधी किती डोस घेतला ते बघू, म्हणजे प्रश्न मिटला. आण तो इकडे."

भिंगरीने नळी सोडवून आनंदाने पंप दिला. पंप खोटं बोलणार नाही, याची तिला खात्री होती! मामाने बटणं दाबून कालची नोंद काढली आणि एका चिठ्ठीवर वेळा उतरवून घेतल्या. लिहिता लिहिता तो थांबला.

"सकाळी साडेआठ, पन्नास ग्रॅम. ठीक. रात्री साडेआठ, पंचेचाळीस ग्रॅम. ठीक. आणि हे काय? रात्री एक वाजून वीस मिनिटं. साठ ग्रॅम!"



"साठ ग्रॅम म्हणजे अख्खं जेवण झालं, भिंगरी," मामा हळू आवाजात म्हणाला. "मध्यरात्री?"

"मी झोपले होते!"

"डोस काय आपोआप दाबला गेला? हे बघ पोरी, खाल्लंस याचं काही नाही. पण खोटं बोलू नये माणसाने." त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली, घाईघाईने चार घास खाल्ले आणि छत्री उचलून दुकानाकडे गेला.

भिंगरी भिंतीला टेकून खाली बसली. पंपच तिच्याविरुद्ध साक्ष देत होता! तिला तर आता स्वतःचीच शंका यायला लागली. "प्रोफेसर, मी झोपेत चालत असेन का? झोपेत जेवत असेन का?"

"माझा पलंग ओलांडून जावं लागेल तुला," प्रोफेसर म्हणाली. "मला कळलं असतं." पण तीही जरा अडखळतच बोलली, आणि ते भिंगरीला फार टोचलं.

मामीने तिघांची ताटं वाढली. भिंगरीला घास नको होता, पण न जेवून चालण्यासारखं नव्हतं. तिने ताटाकडे बघून हिशोब केला, पंपावर साठचा आकडा टाकला आणि डोस घेतला.

बोका तोंड भरलेल्या अवस्थेत म्हणाला, "कालही तू एवढंच जेवलीस."

"हो."

"मला आठवतंय. शेवटचा बटाटा तू घेतलास. माझा डोळा होता त्याच्यावर."

"अरे, घे ना आजचा! डोकं नको खाऊ!"

"तसं नाही गं. काल डोस घेतलास ना दुपारी?"

"तुझ्यासमोर घेतला!"

"मग तो कुठे आहे?" बोक्याने बरबटलेल्या बोटाने मामाची चिठ्ठी पुढे ओढली. "सकाळी साडेआठ. रात्री साडेआठ. मध्यरात्री एक वीस. दुपारचं जेवणच नाहीये यात! असं कसं? एखादा माणूस दुपारचं जेवण विसरतो का कधी?"

प्रोफेसरचा घास हातातच राहिला.

"बोक्या," ती म्हणाली, "आत्ता किती वाजले?"

"एक पंचवीस."

"आणि कालचं जेवण एक वीसला! साठ ग्रॅम!" ती ताडकन उठली. तिने वही काढली. "भिंगरी, तुझा पंप दिवसभर सारखंच इन्सुलिन सोडतो का?"

"नाही. पहाटे चार ते आठ जास्त सोडतो. पहाटे माझी साखर आपोआप चढते, म्हणून डॉक्टरांनी तसं बसवून दिलंय."

"म्हणजे पहाटे ते जास्तीचं इन्सुलिन मिळालं नाही, तर सकाळी साखर चढलेली असेल?"

"हो..."

"आणि तेच इन्सुलिन चुकून संध्याकाळी चार ते आठ मिळालं, तर?"

भिंगरीने तोंडावर हात ठेवला. "साडेपाचला मी खाली जाईन!"

तिघांनी एकदमच पंपावर डोकी वाकवली. टाळकी आपटली, पण 'आई गं' म्हणायलाही कुणाला सवड नव्हती. पडद्यावर ठसठशीत आकडे होते, एक सत्तावीस. अगदी बरोबर! आणि त्या आकड्यांच्या बाजूला, मुंगीएवढी दोन अक्षरं. प्रोफेसरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एएम!" ती किंचाळली. "पंपाला वाटतंय की आत्ता मध्यरात्र आहे! त्याचा दिवस म्हणजे आपली रात्र!"

"पण मी दिवसातून वीसदा बघते पंपाकडे!"

"आकडे बघतेस. अक्षरं कोण बघतं?"

"थांबा," भिंगरी म्हणाली. "सोमवारी दुपारी बॅटरी संपली होती. मामाने नवीन घातली. आतली धातूची पट्टी त्याला मळकट वाटली, म्हणून ब्रशने पाव तास साफ करत बसला. तेवढ्यात पंप वेळ विसरला, आणि मामाने परत लावून दिली..."

"बाबाने!" बोका आणि प्रोफेसर एकदम ओरडले.

पंपाच्या सेटिंगला भिंगरीने एकटीने हात लावायचा नाही, असा आईचा नियम होता. घरातलं मोठं माणूस हवं आणि फोनवर दवाखान्यातल्या सिस्टर हव्यात. भिंगरीच्या दवाखान्याचा नंबर मामाच्या मोबाइलमध्ये. मामी ताटं वाढून शेजारच्या आजींना दवाखान्यात घेऊन गेली होती, आई बसमध्ये, तिचा फोन लागेना. आणि चार वाजता पंप पुन्हा जास्तीचं इन्सुलिन सोडणार! डोस घेऊन झाला होता, म्हणून भिंगरीने उरलेलं ताट भराभर संपवलं आणि तिघं दुकानाकडे पळाली.

"बाबा ऐकणार नाही," बोका धावता धावता म्हणाला. "वेळ चुकली म्हटलं की तो गिऱ्हाइकालासुद्धा बोलतो!"

"मग चुकली म्हणायचंच नाही," भिंगरी म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले होते.

दुकानात भिंतभर घड्याळं टिकटिकत होती. मामा डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होता. "आत्ता नाही हं पोरांनो. काम चालू आहे."

भिंगरीने खिडकीतून पंप आत सरकवला आणि गिऱ्हाइकासारखा आवाज काढला. "नमस्कार. आमचं हे घड्याळ तपासून हवंय. बरोबर चालतंय का?"

मामाला हसू आलं. त्याने भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं. "एक वाजून बेचाळीस मिनिटं. सेकंदाचाही फरक नाही! मी लावलंय ते, बाईसाहेब."

"मग सगळं वाचून दाखवा ना. शेवटपर्यंत."

"वाचलं की."

"आकड्यांच्या पुढचं, बाबा," प्रोफेसर म्हणाली. "भिंगातून."

मामाने भिंग लावलं. पंप जवळ धरला. आणि तसाच बसून राहिला. दुकानातली सगळी घड्याळं टिकटिकत होती, तो एकटा बंद पडल्यासारखा झाला होता.

"ए... एम," तो शेवटी म्हणाला. भिंग त्याच्या डोळ्यावरून गळून पडलं. "अरे देवा! काट्यांच्या घड्याळाला सकाळ काय आणि दुपार काय! तीस वर्षं मी काटेच लावत आलो गं. एक बेचाळीस म्हणजे एक बेचाळीस. हे मला सुचलंच नाही..."

"बाबा, रडारड नंतर!" बोका म्हणाला. "चारच्या आत फोन!"

मामाने नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. सिस्टरांनी आधी साखर विचारली. मग एक एक बटण सांगत वेळ दुरुस्त करून घेतली, तारीख पडताळली, पहाटेचं सेटिंग पुन्हा वाचून घेतलं. "आज दर तासाला तपासा. गोळ्या जवळ ठेवा. काही वाटलं तर लगेच फोन. आणि हे शोधलं कुणी? डॉक्टरांनी?"

"दुपारच्या जेवणाने!" बोका म्हणाला.

प्रोफेसरने नोंदी, साडेपाच, पहाट, सगळं धडाधड सांगितलं. सिस्टर ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलांनो, मी उद्या इथे सगळ्यांना सांगणार आहे. बॅटरी बदलली की अक्षरंसुद्धा बघा म्हणून. तुमच्यामुळे अजून कुणाकुणाचा त्रास वाचेल. शाबास!"

फोन बंद झाला. मामा कामाच्या टेबलामागून बाहेर आला आणि भिंगरीसमोर चक्क गुडघ्यांवर बसला.

"मी तुला खोटारडी म्हटलं."

"तसं नाही म्हणालास रे..."

"तसंच म्हणालो. चूक माझी, आणि बोलणी तुला. मला माफ कर, पोरी."

एवढा मोठा मामा, आणि त्याचे डोळे भरून आलेले! भिंगरीने त्याच्या गळ्यात हात टाकले. "पंप बंद पडला तेव्हा मी किती घाबरले होते, मामा. तू हातातलं काम टाकून बसलास माझ्यासाठी. ते विसरेन का मी?"

साडेतीनला बस आली. आई उतरली ती घाईघाईने भिंगरीचा चेहरा चाचपतच. चौघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली. आईने एकदा ऐकलं, पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकलं, मग भावाकडे बघितलं. मामा मान खाली घालून उभा होता.

"ताई, बोल मला. पाहिजे तेवढं बोल."

"बोलणार तर आहेच," आई म्हणाली. "पण उद्या, फोनवर. आज मला साडेपाच वाजायची वाट बघायची आहे."

घरी मामीला सगळं कळलं तेव्हा तिने भिंगरीला घट्ट पोटाशी धरलं, आणि "माझं चुकलं गं बाळा" एवढंच तिला बोलता आलं. साडेचारला एकशेतीस. साडेपाचला सगळे भिंगरीभोवती गोळा झाले. थेंब. पट्टी. यंत्र विचार करत राहिलं. बोक्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"एकशेअठ्ठावीस!"

बोक्याने जी आरोळी ठोकली ती शेजारच्या आजींनीसुद्धा ऐकली. साडेसहाला एकशेसतरा. आईने तो आकडा दोनदा वाचला. मग ती बोक्यासमोर आणि प्रोफेसरसमोर आली आणि त्यांचे हात हातात घेतले. बोक्याच्या तळव्यांवरची सोलवटलेली कातडी तिच्या बोटांना लागली.

"तराफा तू एकट्याने काठाला आणलास?"

"हळू जात होता, आत्या. मग मी जरा जोरात मारला दांडा."

 तिने बोक्याचे दोन्ही तळवे आपल्या गालांना लावले. "तीन वर्षं मला वाटत होतं, हिला सांभाळायला जगात मी एकटीच आहे," ती म्हणाली. "फार उपकार झाले रे तुमचे."

"आत्या, भिंगरीची बॅग कुठे ठेवू?" प्रोफेसरने हळूच विचारलं.

"कुठली बॅग? माझी तर एवढीशी पिशवी आहे. सातची बस गाठायची आहे मला."

भिंगरीला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा ती भिंगरीसारखीच गरगरा फिरली, आणि बोका आणि प्रोफेसर तिच्याबरोबर.

बसच्या दारात भिंगरी सूचनांची वाट बघत उभी राहिली. नऊला तपास, पट्ट्या मोज, गोळ्या उशाशी ठेव, नळी बघ. आईने तोंड उघडलं, मिटलं. मग वाकून तिने लेकीच्या कपाळाची पापी घेतली.

"आज मी रात्रभर झोपणार आहे," आई म्हणाली. "तू मजा कर!"